साडीच्या खोक्यातल्या सहा पॉलिसी : धायरीतल्या एका कुटुंबाची निवृत्तीची तयारी

हे प्रकरण खरे आहे. कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे गोल केले आहेत. मी बँकेतून निवृत्त झालो, पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. ओळखीपाळखीतल्या घरांची कागदपत्रे लावून देतो, त्याचे पैसे किंवा कमिशन घेत नाही. या घरातल्या कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो.

पार्श्वभूमी

जून २०२२. अण्णांचे वय ५२ला टेकलेले, वहिनी ४८ वर्षांच्या. अण्णा १९९६पासून भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूल रूममध्ये, आता सुपरवायझर. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३४ हजार, हातात येतात ५२ हजार. वहिनी घरी ब्लाउज शिवतात आणि फॉल-पिको करतात. त्याचे महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास सुटतात, लग्नसराईत थोडे जास्त. मुलगी बी.कॉम. होऊन नोकरीला लागलेली, घरात पाच हजार देते. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. धायरीतला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट २०१२मध्ये घेतला. त्यावर १८ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी, हप्ता १६ हजार ८००.

अण्णा माझ्याकडे आले ते एका धक्क्यामुळे. त्यांच्याच शिफ्टमधला, एकावन्न वर्षांचा सहकारी हृदयविकाराने गेला होता. दहाव्याला घरी गेले तेव्हा त्याच्या बायकोने अण्णांनाच विचारले, "भाऊजी, ह्यांचा पीएफ कुठे असतो, तुम्हाला माहीत आहे का?" अण्णांनी ते मला सांगितले आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पिशवीतून लक्ष्मी रोडच्या एका दुकानाचा साडीचा खोका काढून टेबलावर ठेवला. आत सहा पॉलिसींचे बाँड, हप्त्यांच्या पावत्या, एका सहकारी बँकेच्या ठेवपावत्या आणि पीएफची २०१४ सालची स्लिप.

"एवढे आहे. आता सांगा, रिटायर झाल्यावर भागेल ना?"

अडचण नेमकी काय होती

अण्णा बेफिकीर माणूस नाहीत. पंचवीस वर्षांत एकही हप्ता चुकवलेला नव्हता. पावत्या वर्षवार टाचणी लावून ठेवल्या होत्या, काही टाचण्यांना गंज चढला होता. आपण दर वर्षी लाखभर रुपये विम्यात भरतो म्हणजे म्हातारपणाची सोय झाली, असा त्यांचा मनापासून विश्वास होता. आम्ही सहाही पॉलिसी एका वहीत उतरवल्या.

१९९८ची एक लाखाची, २०२३मध्ये संपणारी. २००३ची दोन लाखांची मनी-बॅक (मुदतीत अधूनमधून थोडे पैसे परत देणारी), तीही २०२३मध्येच. २०१०ची तीन लाखांची, २०२८पर्यंत. २०१४ची चार लाखांची, २०३०पर्यंत. २०१५ची युलिप (हप्त्याचा बराचसा भाग बाजारात गुंतवणारा विमा), विमा रक्कम दोन लाख चाळीस हजार. आणि मार्च २०२१मध्ये घेतलेली तीन लाखांची, पंधरा वर्षांची, म्हणजे २०३६पर्यंत चालणारी. अण्णा निवृत्त होणार नोव्हेंबर २०२८मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी. या शेवटच्या पॉलिसीचे २३ हजार ६०० रुपये पगार थांबल्यावरही सात वर्षे भरत राहायचे होते.

सगळ्या हप्त्यांची बेरीज वर्षाला १ लाख ९ हजार ३००. सगळ्या विमा रकमांची बेरीज १५ लाख ४० हजार. घराचे कर्ज त्या दिवशी १३ लाख बाकी. उद्या अण्णांचे काही झाले तर विम्याच्या मूळ रकमेतून कर्ज फेडून हाती राहणार २ लाख ४० हजार, आणि घरखर्च महिन्याला २६ हजार. म्हणजे नऊ महिने. पॉलिसींवरचा बोनस, पीएफचे ९ लाख ६० हजार, नोकरी संपताना कंपनी देते ती ग्रॅच्युइटी आणि पीएफसोबत मिळणारा ईडीएलआयचा विमा (तो जास्तीत जास्त सात लाख, तोही नोकरीत असेपर्यंतच) हे सगळे धरले तर चित्र जरा सुधारते, कर्ज फिटून २७ लाखांच्या आसपास उरतात. पण त्यातच मुलाची फी आणि मुलीचे लग्न होते.

निवृत्तीची बाजू त्याहून कच्ची होती. "पेन्शन तर आहेच" असे अण्णा म्हणत होते. किती, ते त्यांनी कधी काढून पाहिले नव्हते. पीएफसाठी कंपनी पगाराच्या जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण तेही १५ हजार पगारावरच, म्हणजे महिन्याला १२५० रुपये. पेन्शनचे गणित : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७०. सप्टेंबर २०१४च्या आधीच्या नोकरीला पगाराची मर्यादा साडेसहा हजार आणि नंतरच्या नोकरीला पंधरा हजार. बत्तीस वर्षांच्या नोकरीचे हिशेब करून आकडा आला पावणेपाच ते पाच हजार.

अण्णा म्हणाले, "महिन्याचे?" मी म्हणालो, महिन्याचे.

तोवर वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "ही पेन्शन त्यांची. त्यांच्यामागे मला किती?"

निम्मी. निवृत्तीनंतर सभासद गेला तर विधवेला त्याच्या पेन्शनच्या ५० टक्के मिळतात, म्हणजे अडीच हजारांच्या आत. खरी अडचण या प्रश्नात होती, आणि तो मला आधी सुचला नव्हता याची मला आजही खंत आहे. वहिनी चार वर्षांनी लहान, बाया साधारणपणे जास्त जगतात, आणि त्यांच्या नावावर एका पोस्टाच्या बचत खात्यापलीकडे काही नव्हते. दोघांचे म्हातारपण एकाच माणसाच्या आयुष्यावर टांगलेले होते. त्या दिवसापासून वहीत आम्ही प्रत्येक हिशेब दोन रकान्यांत मांडला : "अण्णा असताना" आणि "अण्णा नसताना". पुढचा प्रत्येक निर्णय या दुसऱ्या रकान्यावर तपासला.

कागद वाचताना आणखी चार गोष्टी निघाल्या.

१९९८च्या पॉलिसीत आणि पीएफमध्येही वारस म्हणून अण्णांच्या आईचे नाव होते. त्या २०११मध्ये वारल्या. पीएफच्या नियमाप्रमाणे लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर तसेही रद्द होते, पण नवे कुणी केलेच नव्हते.

गावाकडच्या वाट्याची जमीन विकून आलेले साडेसहा लाख एकाच सहकारी बँकेत, एकाच नावावर होते. ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२०पासून एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे. हे मी सांगत होतो त्याच दिवसांत, ऑगस्ट २०२२मध्ये, रिझर्व्ह बँकेने रुपी बँकेचा परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. पुण्यात त्या बँकेचे ठेवीदार २०१३पासून निर्बंधांत अडकलेले होते, त्यातले एक अण्णांच्या इमारतीतच राहतात. त्यामुळे हा मुद्दा पटवायला वेळ लागला नाही.

तिसरी गोष्ट अण्णांनी दुसऱ्या भेटीत, वहिनी खाली दूध आणायला गेल्यावर सांगितली. एका मित्राच्या पतसंस्थेतल्या कर्जाला ते जामीन राहिले होते.

चौथी मात्र मला सगळ्यात जास्त लागली. २०२१च्या बाँडमागे प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली होती. "मधुमेह आहे का?" यापुढे "नाही". अण्णा २०१९पासून साखरेची गोळी घेतात. अर्जातले अक्षर एजंटचे, सही अण्णांची. एजंट वहिनींचा आतेभाऊ. "त्याने भरला, मी सही केली," अण्णा म्हणाले. विमा कायद्याच्या कलम ४५प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत कंपनी चुकीच्या माहितीवरून दावा नाकारू शकते. म्हणजे सगळ्यात उशिरापर्यंत हप्ते भरायला लावणारी पॉलिसी हीच, आणि मार्च २०२४पर्यंत गरज पडली तर पैसे मिळतीलच याची खात्री नसलेलीही हीच.

पर्याय आणि त्यावरची चर्चा

सगळ्या पॉलिसी मोडून टाका, असे सांगणारे खूप असतात. मी ते सांगितले नाही. जुन्या एंडोमेंट (मुदत संपल्यावर बोनससह रक्कम देणाऱ्या) पॉलिसींचा पहिला, तोट्याचा काळ आधीच भोगून झालेला असतो. २०१४ची चार लाखांची घ्या : सोळा वर्षांत भरायचे ४ लाख २० हजार, मिळायचे अंदाजे पावणेसात लाख, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के. फार नाही, पण निम्मा रस्ता चालून झाल्यावर मोडण्यात आणखी तोटा. २०१०चीही तशीच. या दोन्ही चालू ठेवायच्या.

२०२१च्या पॉलिसीचे गणित वेगळे होते. भरायचे साडेतीन लाखांच्या वर, २०३६मध्ये मिळणार पावणेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे चार टक्क्यांच्याही आत. दोन हप्ते भरून झाले होते. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर भरलेल्या पैशांच्या ३० टक्के, चौदा हजार परत. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर २०३६मध्ये चाळीस हजारांच्या घरात. चौदा हजार आज पीपीएफच्या (सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत खात्याच्या) दराने वाढवले तर २०३६ला जवळपास तेवढेच होतात. पैशाच्या हिशेबाने दोन्ही पर्याय सारखे. अर्जातल्या त्या "नाही"मुळे पारडे सरेंडरकडे झुकले.

इथे खरा अडथळा नात्याचा होता. वहिनी म्हणाल्या, "दिवाळीला भाऊबीजेला तो येतो. त्याला काय सांगू?" हा प्रश्न मी हलका मानत नाही. आपल्याकडे निम्म्या पॉलिसी नात्याने घेतल्या जातात आणि नात्यानेच चालू राहतात.

दुसरा मोठा निर्णय मुदत विम्याचा. जगलात तर काही परत नाही, गेलात तर घराला मोठी रक्कम. अण्णांना हे पैसे वाया घालवणे वाटत होते. मी त्यांना दुसरा रकाना दाखवला. पन्नास लाखांचे विमाछत्र, ६२ वर्षांपर्यंत, असे ठरवून अर्ज करायचा. बासष्टच का, तर तोवर कर्ज फिटलेले असेल, निवृत्तीची रक्कम हातात असेल आणि २०१४ची पॉलिसीही पिकलेली असेल. त्यानंतर वहिनींची गरज साठलेल्या पैशातून भागवायची.

तिसरा निर्णय २०२३मध्ये पिकणाऱ्या दोन पॉलिसींचा, मिळून साडेचार लाख. अण्णांनी ते मनात मुलीच्या लग्नासाठी राखले होते. मी सुचवत होतो की ते कर्जात भरा, कारण कर्ज २०३२पर्यंत चालणार आणि पगार २०२८ला थांबणार. निवृत्तीच्या दिवशी पावणेसात लाख कर्ज डोक्यावर राहिले असते. यावर घरात दोन-तीन आठवडे धुसफुस चालली. शेवटी मुलगीच म्हणाली की हॉल लहान घेऊ आणि माझे दोन लाख मी घालीन. अण्णांना ते आवडले नव्हते, मुलीचे पैसे घ्यायचे म्हणजे कमीपणा. वहिनींनी त्यांना समजावले. कसे, ते मला ठाऊक नाही.

काय केले

क्रम महत्त्वाचा होता : नवे छत्र हातात येईपर्यंत जुने मिटायचे नाही.

मुदत विम्याचा अर्ज ऑक्टोबर २०२२मध्ये भरला. या वेळी अर्ज अण्णांनी स्वतःच्या हाताने भरला, साखर, गोळीचे नाव, किती वर्षांपासून, सगळे लिहिले. रक्त तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ आली. कंपनीने पन्नास लाखांचा हप्ता २१ हजारांवरून ३१ हजारांवर नेला. अण्णा हिरमुसले. "खोटे लिहिले असते तर दहा हजार वाचले असते," असे एकदा बोललेही. आम्ही रक्कम ३५ लाखांवर आणली, हप्ता साडेबावीस हजार. जानेवारी २०२३मध्ये पॉलिसी आली. ती विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४ याखाली वहिनींच्या लाभासाठी घेतली. हे अर्ज करतानाच करावे लागते, नंतर करता येत नाही. यामुळे ती रक्कम वहिनींची ठरते, अण्णांकडून पैसे येणे असलेल्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. जामीनकीचे प्रकरण डोक्यात होते म्हणून हा आग्रह मी धरला.

आरोग्य विमा हा मुद्दा अण्णांच्या यादीतच नव्हता, कारण कंपनीचा मेडिक्लेम होता. तो निवृत्तीच्या दिवशी संपतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी मधुमेह असलेल्या माणसाने नव्याने विमा घ्यायचा तर आधीपासूनच्या आजारासाठी काही वर्षे थांबावे लागते. तेव्हा ही मुदत चार वर्षांपर्यंत असू शकत असे. म्हणून फेब्रुवारी २०२३मध्येच दोघांची पाच लाखांची पॉलिसी घेतली, हप्ता २६ हजारांच्या घरात. नोकरी संपायच्या आत थांबण्याचा काळ उरकतो.

इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की पहिल्या वर्षी हप्त्यांचा बोजा कमी झालाच नाही. संपणाऱ्या दोन पॉलिसी आणि बंद करायची एक मिळून ४१ हजार वाचणार होते, नव्या दोन विम्यांना साडेअठ्ठेचाळीस हजार लागले. वहिनींनी त्या वर्षीची भिशी लागली तेव्हा ती त्यात घातली.

सप्टेंबर २०२३मध्ये साडेचार लाख कर्जात भरले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. बँकेला लेखी दिले की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हे लेखी देणे विसरू नये, कारण हप्ता कमी झाला तर सुटलेले पैसे घरखर्चात विरघळतात. कर्ज आता २०३२ऐवजी २०२८च्या उन्हाळ्यात संपेल.

साडेसहा लाखांपैकी तीन लाख मुदत संपताच राष्ट्रीयीकृत बँकेत, दोघांच्या नावाने ठेवले. वहिनींच्या नावाने पोस्टात पीपीएफ उघडले, महिन्याला दोन हजार, त्यांच्याच शिवणकामातून. ७.१ टक्के दर टिकला तर पंधरा वर्षांत साडेसहा लाख होतील, तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या असतील. पहिल्यांदा भरणा करून आल्या तेव्हा पासबुक त्यांनी मला दाखवले. त्यावर नाव वडिलांचे की नवऱ्याचे लावायचे यावरून काउंटरवर बराच वेळ गेला होता, पण खाते त्यांचे होते.

सगळ्यात जास्त दमछाक पीएफने केली. ई-नामनिर्देशन ऑनलाइन दहा मिनिटांत होते, पण आधार आणि पीएफमधले नाव जुळले तर. अण्णांच्या पीएफमध्ये वडिलांचे नाव एका अक्षराने वेगळे होते आणि जन्मतारखेत महिना चुकलेला. कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्र, शाळेचा दाखला, दोनदा परत आलेला अर्ज, गोळीबार मैदानाजवळच्या पीएफ कार्यालयात दोन खेपा. पाच महिने. हे काम अण्णा हयात असताना, सही करायला हजर असताना झाले. त्यांच्या मागे वहिनींना करावे लागले असते तर किती दिवस लागले असते याचा विचार मी टाळतो.

पुढे काय झाले

आतेभावाचा विषय लांबला. मार्च २०२३मध्ये २०२१च्या पॉलिसीचा तिसरा हप्ता भिडेखातर भरला गेला. ऑगस्टमध्ये शेवटी सरेंडर केली. भरलेल्या ७० हजार ८०० पैकी हातात आले साधारण २५ हजार. वहिनींनी आतेभावाला स्वतः फोन केला. त्या वर्षी तो भाऊबीजेला आला नाही, पुढच्या वर्षी आला.

मुलीचे लग्न मे २०२४मध्ये झाले. साडेतीन लाखांत बसवायचे ठरले होते, पावणेसहा लागले. मुलीचे दोन लाख होतेच, उरलेल्यापैकी बहुतेक रकमेसाठी युलिप पूर्ण काढली, तिचे तीन लाख तीस हजार आले. बाजार वर होता म्हणून ते निभावले. मला हे पैसे निवृत्तीसाठी राहावेत असे वाटत होते, पण घरातले पहिले लग्न होते आणि नवे कर्ज काढले नाही, हे मी मोठे मानतो.

मुलगा २०२५मध्ये चाकणला नोकरीला लागला. फी थांबली त्या महिन्यापासून अण्णांनी पीएफमध्ये दरमहा पाच हजार जास्तीचे, ऐच्छिक, भरायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याचाही हप्त्याला हातभार लागला.

आजचा अंदाज असा. निवृत्तीला पीएफ २४ लाखांच्या आसपास, ग्रॅच्युइटी पावणेआठ, २०१०च्या पॉलिसीचे सव्वापाच, ठेवी साडेसहा. कर्ज शून्य. वीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१ हजार. वयाची साठ वर्षे पूर्ण नसली तरी निवृत्त झालेल्याला पंचावन्नपासून निवृत्तीच्या रकमेतून हे खाते उघडता येते, फक्त रक्कम हातात आल्यापासून ठरलेल्या मुदतीत. पोस्टाच्या मासिक योजनेत नऊ लाख, महिन्याला साडेपाच हजार. पेन्शन पाच हजार. सगळे मिळून २४ हजार. दोघांचा खर्च २०२२च्या भावाने २१ हजार धरला होता. सहा टक्के महागाईने २०२८ला तो ३० हजार होतो, २०४०ला साठ हजार.

दुसरा रकाना : पेन्शन अडीच हजार, व्याज साधारण एकोणीस हजार. एकट्या वहिनींचा खर्च एकवीस-बावीस हजार धरला तर पहिली काही वर्षे निघतात, पुढची ओढाताणीची. २०२२मध्ये या रकान्यात जे होते त्यापेक्षा हे खूप बरे आहे, पण पुरेसे आहे असे मी त्यांना सांगितलेले नाही. शिवणकाम चालू ठेवायचे आणि अण्णांनी शक्य तर साठपर्यंत काम पाहायचे, असे दोघांनी ठरवले आहे. पेन्शन साठपर्यंत पुढे ढकलली तर वर्षाला चार टक्के वाढते, तोही विचार चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

माझ्या चुकीपासून सुरू करतो. अर्जातला तो खोटा "नाही" दिसला त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागायला हवी होती. मी नवे छत्र येईपर्यंत थांबू म्हणालो. त्या सात महिन्यांत अण्णांचे काही झाले असते तर तीन लाखांच्या दाव्यासाठी वहिनींना भांडावे लागले असते, तेही सख्ख्या आतेभावाच्या अक्षरावरून. काही झाले नाही म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही.

तिसरा हप्ता टाळता आला असता तर सुमारे तेरा हजारांचा तोटा वाचला असता. नातेवाइकाशी बोलायचे काम आम्ही "योग्य वेळी" करू म्हणून ठेवले आणि ती वेळ आम्ही ठरवलीच नाही.

जुन्या निर्णयांत सगळ्यात महाग पडला तो पीएफचा. २०१२मध्ये फ्लॅटच्या पहिल्या रकमेसाठी चार लाख काढले, २०१७मध्ये मुलीच्या शिक्षणाला आणखी थोडे. ते चार लाख आत राहिले असते तर २०२८पर्यंत साधारण चौदा लाख झाले असते. घर घेऊ नये असे मी म्हणत नाही. त्या चार लाखांसाठी तेव्हा गावाकडची जमीन विकता आली असती, जी सात वर्षांनी विकलीच. पण जमीन विकणे घरात सगळ्यांना दिसते आणि पीएफ काढणे कुणाला दिसत नाही.

मुदत विमा चाळिसाव्या वर्षी, साखर नसताना, घ्यायला हवा होता. २०१०मध्ये त्या तीन लाखांच्या पॉलिसीला जेवढा हप्ता लागला त्यातल्या थोड्या भागात पन्नास लाखांचे छत्र आले असते. तेव्हा कुणी सुचवले नाही, आणि सुचवले असते तर अण्णांनी घेतले नसते, असे ते स्वतःच सांगतात.

आणि जामीनकी. ती मला दुसऱ्या भेटीत कळली, वहिनींना त्यानंतर महिन्याभराने, तेही मी अण्णांना दोनदा सांगितल्यावर. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. पतसंस्थेकडे जामीन बदलून देण्याचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, दुसरा जामीन मित्राला मिळाला नाही. त्या कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. दर महिन्याच्या दहा तारखेला वहिनी त्या मित्राकडून हप्ता भरल्याच्या पावतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून घेतात, त्याची छापील प्रत काढतात आणि टाचणी लावून साडीच्या खोक्यात ठेवतात.